तीनशे सतराची कुऱ्हाड

आसनगावला घराच्या मागच्या पडवीत माझं दुकान आहे. दुकान म्हणायचं आपलं. पाटी नाही, गल्ला नाही. एक लोखंडी टेबल, त्यावर व्हाइस, भिंतीलगत ग्राइंडर आणि पत्र्याच्या डब्यांत उभ्या केलेल्या कानशी. जन्मभर फिटर म्हणून दुसऱ्यांच्या मशिनी दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर नुसतं बसवेना, म्हणून जुनी हत्यारं गोळा करून नीट करायला लागलो. बायको याला गंजाचं वेड म्हणते. पाहुण्यांसमोर म्हणते, म्हणून जास्त लागतं.

महिन्यातून एकदा मुरबाडला भंगारवाल्याकडे चक्कर असते. तिथल्या ढिगात कुऱ्हाडीची पाती सापडतात, सुताराचे वाकस सापडतात, तोंड फुटलेल्या पटाश्या आणि एखादा रंधा. बाजारात मिळणारी नवी कुऱ्हाड मला पत्र्याची वाटते. जुन्या पात्याला हातात घेतलं की वजन कळतं. मोडक्या करवतीची मी कोयती करतो, झिजलेल्या कानशीची सुरी करतो. हल्ली मात्र मागणी वेगळीच आहे. मुरबाडच्या अंगाला फार्महाउस झालेत, त्यांना कुऱ्हाड भिंतीवर टांगायला हवी असते. पातं आरशासारखं, दांड्याला वॉर्निश. "धार नको हं, घरात मुलं असतात," असंही एका बाईंनी सांगितलं. धार न लावता कुऱ्हाड द्यायची म्हणजे मीठ न घालता कालवण वाढायचं. पण दिली मी करून. त्यांनी भिंतीचा फोटो पाठवला, तो मी चार जणांना दाखवला. त्या चकाकीची मला चटक लागली होती, हे आधीच कबूल करतो. पुढे जे झालं त्याला ती चटकही कारण आहे.

गेल्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी माझा शाळासोबती आला. उंबरमाळीच्या वरच्या अंगाला ठाकरांची वाडी आहे, तिथला तो. माझं गाव त्या वाडीच्या खाली. चौथीपर्यंत आम्ही एकाच तरटावर बसलो. मग त्याची शाळा सुटली, मी शिकत राहिलो, नोकरी लागली आणि आसनगावला घर केलं. तो मजुरीला जातो आणि डोंगराच्या उतरणीवर त्याच्या बापाने फोडलेल्या तुकड्यात नागली, वरी पेरतो. मला तो फिटर म्हणतो. माझं खरं नाव त्याला आठवत असेल की नाही शंका आहे.

टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी त्याने टेबलावर ठेवलं. उघडलं तर कुऱ्हाड. दांडा वाळून आखडलेला, पातं डुगडुगत होतं.

"फिटर, हिचा दांडा बसव रे. गुरवारी साहेब येनार हायत जागेवर. त्यांना दाखवायची हाय."

"कुऱ्हाड दाखवायची? साहेबांना?"

"हा. तुला ठाव हाय ना ही."

मला ठाऊक होती. त्याच्या बापाची ती कुऱ्हाड. जमिनीचंही ठाऊक होतं. जंगलातली जी जमीन बापापासून कसली ती नावावर करून मिळावी म्हणून त्याने दावा घातला होता. दावा एकदा परत आला होता, पुरावा अपुरा म्हणून. आता पुन्हा पाहणी होती. या खेपेला दावा मान्य झाला तर जमीन त्याची, नाहीतर साठीच्या घरात पोचलेला माणूस होता तसाच, कुणीही उठवावं असा.

"फक्त दांडा," जाताना तो म्हणाला. "दुसरा खटाटोप नको करू."

भिडेने म्हणतोय, असं मला वाटलं. साहेबांना कुऱ्हाड का दाखवायची, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला पडला तो वेगळाच: साहेबांसमोर ही असली न्यायची?

आता त्या कुऱ्हाडीचं सांगतो. आम्ही दुसरीत होतो. भाताचं रोप टाकायच्या आधी शेतात पाला, फांद्या जाळतात, त्याला आमच्याकडे राब म्हणतात. त्या राबासाठी त्याचा बाप टहाळ तोडत होता आणि जंगलखात्याच्या गार्डाने त्याला पकडलं. शाळेच्या ओट्यावरून आम्ही सगळ्या पोरांनी पाहिलं. पुढे गार्ड, त्याच्या हातात कुऱ्हाड, मागे हात जोडून चालणारा त्याचा बाप. माझा सोबती माझ्या शेजारी उभा होता. त्याने पाटीत डोकं खुपसलं.

दंड भरल्यावर काही महिन्यांनी कुऱ्हाड परत मिळाली. जप्तीच्या मालाला मारतात तसा पात्यावर नंबर ठोकलेला होता, तीनशे सतरा. त्याचा बाप ती कुऱ्हाड कुडाच्या भिंतीला टेकवताना नंबराची बाजू आत करून ठेवायचा, हे मी त्यांच्या घरी कितीदा पाहिलंय. पुढे सव्वीस जानेवारीच्या आधी शाळेचं आवार साफ करायचं होतं. गुरुजींनी सांगितलं, ज्याच्या घरी जे हत्यार असेल ते आणा. तो बिचारा ती कुऱ्हाड घेऊन आला. सगळ्यांनी नंबर पाहिला. त्यानंतर पोरं त्याला त्या नंबरावरून चिडवायला लागली. तो शाळा सोडेपर्यंत चिडवत होती.

दोन दिवस पातं मी व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं. बुधवारी बाहेर काढून तारेच्या ब्रशने घासलं. काळा गाळ निघाला आणि खालून आकडे वर आले. तीन, एक, सात. एका रेषेत नाहीत, सातचा पाय खाली घसरलेला. घाईत ठोकले असणार.

मी ते बघत बसलो. आमच्या घरात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जायची. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातली घुंगुरकाठी, जी खांद्यावर टाकून गावाची पडेल ती कामं करावी लागत, ती मोडून चुलीत घातली. आजीने तिच्यावर भाकरी भाजली. वडील ही गोष्ट सांगताना भाकरीपाशी आले की हमखास हसायचे. अपमानाची खूण घरात ठेवायची नाही, हे मी असं जेवता जेवता शिकलो. त्यामुळे ते आकडे पाहिल्यावर मला काही विचार करावाच लागला नाही. माझ्या सोबत्याच्या बापाला चोर ठरवणारा शिक्का इतकी वर्षं त्या लोखंडावर होता, आणि तो काढायला माझ्याकडे ग्राइंडर होता.

काम मी जपून केलं, हे सांगायला आज लाज वाटते. पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं, मग धार टिकत नाही. म्हणून दर दोन घासांनी बादलीत बुडवत होतो. सात आधी गेला, मग एक. तीन खोल होता, त्याने वेळ घेतला. मग दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून दुसरी बाजूही उतरवली. पॉलिश पेपर मारला, तेल लावलं. धामणीच्या लाकडाचा दांडा माझ्याकडे दोन वर्षं वाळवून ठेवलेला होता, तो तासून बसवला. सगळं झाल्यावर कुऱ्हाड उन्हात धरली, तर पात्यात मला माझा चष्मा दिसला. फार दिवसांनी मी इतका खूश झालो होतो.

तो बुधवारी संध्याकाळी न्यायला येणार होता. मीच फोन करून सांगितलं, येऊ नको, मी गुरुवारी घेऊन येतो. त्याचा चेहरा मला त्याच्या घरासमोर, साहेबांच्या देखत बघायचा होता.

गुरुवारी मी पोचलो तेव्हा पाहणीची माणसं आलेली होती. साहेब तरुण होते, पायात बूट, पँटला कुसळं चिकटलेली. सगळा तुकडा फिरून आले होते. अंगणात खाटेवर बसून ते मोठ्याने पावती वाचत होते. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली जप्तीची पावती. घड्यांवर फाटलेली. तिच्यात लिहिलं होतं की अमुक ठिकाणी जंगल साफ करून नागली पेरल्याचं दिसलं, तिथेच टहाळ तोडताना एक कुऱ्हाड जप्त केली, तिच्यावर नंबर टाकला तीनशे सतरा. कुणाची कुऱ्हाड, ते नाव मात्र ओल लागून पार गेलं होतं.

"ही पावती तुमच्याच वडिलांची, हे कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"कुऱ्हाड हाय ना," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "आनलीस?"

तेव्हा मला कळलं. टॉवेल उघडायच्या आधी कळलं. तरी हात पुढे झाले.

त्याने कुऱ्हाड घेतली. एक बाजू पाहिली. उलटी करून दुसरी पाहिली. परत पहिली. अंगठा फिरवला, जिथे आकडे होते तिथे. त्याचा अंगठा नेमका तिथे गेला.

"नंबर कुठंय रे?"

"काढला," मी म्हणालो.

त्याची बायको ओट्यावर उभी होती. ती कधी माझ्यासमोर मोठ्याने बोलली नव्हती. "दादा, तुमी बरं करायला गेलात," ती म्हणाली. "पन आता आमी दाखवायचं काय?"

साहेबांनी कुऱ्हाड हातात घेतली, पाहिली. चांगली केलीय म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले, हे जास्त वाईट. मग मला विचारलं, "का पुसला तुम्ही?" मी आजोबांची काठी सांगणार होतो की काय, कुणास ठाऊक. मी म्हणालो, "साहेब, नंबर तीनशे सतराच होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. लिहून देतो."

"नंबर तर मी आत्ता तुमच्यासमोर वाचला," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुम्हाला तो आधीपासून माहीत होता हे कसं धरायचं?"

"लहानपणी पाहिला होता. शाळेत."

"लहानपणी एकदा पाहिलेला आकडा इतकी वर्षं लक्षात राहतो?"

उत्तर माझ्याकडे होतं. माझा सोबती जमिनीकडे बघत होता, आणि उत्तर त्यालाही ठाऊक होतं. आम्हा दोघांशिवाय त्या अंगणात ते कुणालाच माहीत नव्हतं.

साहेबांनी कागदावर लिहिलं की कुऱ्हाड पाहिली, नंबर आढळला नाही. ते चूक नव्हते. उठताना म्हणाले, जुन्या माणसांचे जबाब चालतात. नंबर तुम्हाला कसा माहीत, का लक्षात राहिला, हे नीट लिहून आणा आणि पुढच्या गुरुवारी गावात वनहक्क समितीपुढे वाचून दाखवा. ते गेल्यावर माझ्या सोबत्याने कुऱ्हाड उचलली आणि कुडाला टेकवून ठेवली. ज्या बाजूला आकडे होते ती बाजू आत. सवयीने ठेवली असेल. मला चहा विचारला. मी नको म्हणालो.

घरी आल्यावर मी सगळ्यात आधी लोखंडावर नंबर ठोकायचे पंच काढले. माझ्याकडे शून्यापासून नऊपर्यंतचा पुरा संच आहे, लाकडी डबीत. तीन, एक, सात बाजूला काढले. दहा मिनिटांचं काम. सातचा पाय खाली घसरवायचा, एवढंसुद्धा माझ्या ध्यानात होतं. त्याला फोन केला, म्हटलं परत ठोकून देतो.

"नको रे," तो म्हणाला. "पकडलं तर हाय ते पन खोटं व्हईल."

पंच मी परत डबीत ठेवले. खरं तर मलाही माहीत होतं की नवा ठोका नवाच दिसतो. जुनं लोखंड नवं करायला मी शिकलो होतो, उलटं करायची वेळ कधी आली नव्हती. त्या दिवसांत मी पडवीत गेलोच नाही. फार्महाउसवाल्या बाईंच्या दोन कुऱ्हाडी अर्धवट पडल्या होत्या, त्यांचा फोन मी उचलला नाही. बायकोने विचारलं, काय झालं. सांगितलं. तिने नेहमीसारखं टोचून बोलावं असं मला वाटत होतं, म्हणजे भांडता तरी आलं असतं. ती म्हणाली, "जबाब लिहा मग." आणि कुकर लावायला गेली.

दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही. फाइल वर गेली आहे, वरून खाली यायला तिला किती दिवस लागतील ते कुणी सांगत नाही. मला सांगायचंय ते समितीच्या आधीच्या रविवारचं.

मी जबाब लिहून घेऊन त्याच्या घरी गेलो. दोन पानं, चांगल्या अक्षरात. नोकरीत रिपोर्ट लिहून लिहून मला ती भाषा येते. तो अंगणात बसला होता, बायको ओट्यावर सुपात नागली पाखडत होती. कुऱ्हाड कुडाला टेकलेली होती. त्याने कागद घेतला आणि बोट ठेवून वाचायला लागला. चौथीपर्यंतचं वाचन, एकेक अक्षर लावत. राबाचं वाचलं, गार्डाचं वाचलं, सव्वीस जानेवारीचं वाचलं. पुढच्या ओळीवर बोट थांबलं. ती ओळ अशी होती: 'सदर नंबरावरून शाळेतील काही मुले त्यास चिडवीत असत, त्यामुळे तो माझ्या लक्षात राहिला.'

"कुठली मुलं?" त्याने विचारलं.

मी त्याच्या बोटाखालची ओळ पुन्हा वाचली.

"साहेब इचारंल ना. कुठली मुलं?"

मघाशी इथेही मी लिहिलं, की पोरं त्याला चिडवायला लागली. तेही खरं नाही. पोरं मागून आली. आवारातलं गवत काढत असताना पहिल्यांदा तो नंबर मोठ्याने मी वाचला होता. त्याचं टोपणनाव मी केलं होतं. माझ्या घरातल्या काठीवर भाकरी भाजली गेली होती, तरी मी केलं. दुसऱ्या कुणाला तरी खाली बसवलं की आपण थोडे वर दिसतो, हे त्या वयातही मला बरोबर कळत होतं. सव्वा वर्ष रोज मी त्याला त्या नावाने हाक मारली. म्हणून तो आकडा माझ्या लक्षात होता.

"मी," मी म्हणालो. "मीच होतो."

"मला कशाला सांगतोस? मला ठाव हाय," तो म्हणाला. "तिथं लिव."

मी पेन काढलं. 'शाळेतील काही मुले' खोडलं, 'मी' लिहिलं. त्या एका शब्दाने बाकीचं वाक्य सगळं बिघडलं, तेही नीट केलं. कागद परत त्याच्याकडे दिला. त्याने पुन्हा बोट ठेवलं.

"नंबरावरून म्हंजे काय? काय म्हनायचास ते लिव ना. नुसतं चिडवायचो लिवलं तर कसं समजंल त्यांना?"

"तीनशे सतरा," मी म्हणालो.

"नाय."

त्या दिवसात पहिल्यांदा त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. रागाने नाही. पावतीवरचा आकडा तपासावा तसं.

"तीनशे नाय म्हनायचास. सतऱ्या म्हनायचास. सतऱ्या लिव."

ओट्यावरचं सूप थांबलं. त्याच्या बायकोने हा शब्द आजवर ऐकलेला नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिलाही सांगितलं नव्हतं. मी तो शब्द लिहिला. माझ्या चांगल्या अक्षरात, अवतरणचिन्हांत.

"आता वाच," तो म्हणाला. "गुरवारी सगल्यांसमोर वाचायचंय. अडखळलास तर खोटं वाटंल."

मी उभा राहिलो. मी अमुक, राहणार आसनगाव, धंदा निवृत्त फिटर, इथपासून सुरुवात केली. राबापर्यंत ठीक झालं, शाळेच्या आवारापर्यंत ठीक झालं. मग तो शब्द आला आणि मी थांबलो. कागद दिसत होता, अक्षर दिसत होतं. लहानपणी जो शब्द मी शाळेच्या ओट्यावरून ओरडायचो, तो आता त्याच्यासमोर, त्याच्या बायकोसमोर मला उच्चारता येईना.

त्याने घाई केली नाही. पाय पसरून, गुडघ्यावर हात ठेवून तो माझ्या तोंडाकडे बघत बसला.

"म्हन," तो म्हणाला. "तुला येतं ते."